सगळ्यांच्या तोंडी असलेलं गाणं आता का होत नाही? कॅसेटच्या काउंटरवर उभं राहिलेल्या माणसाचं उत्तर

प्रश्न असा होता. सांगलीकडचे दोन मित्र, एक चाल लावतो, एक लिहितो, दोघांनी मिळून साडेचार लाख उभे केलेत आणि ते सगळे एकाच गाण्याच्या व्हिडिओवर घालायचेत. पण जो तो त्यांना सांगतोय की पूर्वीसारखी ब्लॉकबस्टर गाणी आता होतच नाहीत. तर ती का होत नाहीत, आणि पैसे घालावेत की नाही?

पैशाचं शेवटी बोलू, ते आधी बोललो तर बाकीचं कोणी वाचणार नाही.

मी या धंद्यात १९९१ ला आलो. गाण्यातलं कळत होतं म्हणून नाही, मामाच्या ओळखीच्या होलसेलरला काउंटरवर पोरगा हवा होता म्हणून. बिलं फाडायची, खोकी बांधायची, संध्याकाळी एसटीच्या पार्सलला टाकायची, एवढंच काम. पुढे एका मराठी लेबलचं, म्हणजे गाणी काढणाऱ्या कंपनीचं, डिस्ट्रिब्युशन सांभाळलं, मग रिंगटोन-कॉलरट्यूनची वर्षं आली, आणि आता बरीच वर्षं डिजिटल, म्हणजे गाणी चढवणं, कॉपीराइटचे क्लेम सोडवणं आणि कोणालाच धड न कळणारी स्टेटमेंटं वाचून लोकांना समजावणं. लोक हिट गाणं कानाने ओळखतात, मी गोडाउन किती रिकामं झालं त्यावरून ओळखायचो.

"पूर्वी गाणीच भारी होती" हे अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं दुकानाच्या फळीत आहे. तालुक्याच्या गावातलं कॅसेटचं दुकान आठवा, पुढे काचेचं शोकेस, मागे लाकडी रॅक, सगळ्या मिळून पाच-सहाशे कॅसेट बसायच्या. त्यातली निम्मी जागा आरत्या, अभंग, भीमगीतं, लावण्या आणि जुन्या हिंदीला, तिला कोणी हात लावायचा नाही, कारण तो माल रोज थोडा थोडा जायचाच. नवीन मालाला समोरच्या दोन ओळी. बाजारात महिन्याला कितीही कॅसेट आल्या तरी दिसणार त्या दोन ओळीत बसतील तेवढ्याच, आणि तिथे कोण बसणार हे पब्लिक ठरवत नव्हतं, आधी आम्ही ठरवायचो, म्हणजे कंपनीचा सेल्समन, डिस्ट्रिब्युटर आणि दुकानदार. चालणारी कॅसेट पाहिजे तर सोबत या चार पडेल घ्या अशा स्कीमा असायच्या. डझनाला एक फुकट. माल परत घेणार नाही. मग दुकानदार बिचारा ती खपवायला दिवसभर तीच वाजवणार, समोरचा टपरीवाला तीच ऐकणार, रिक्षावाला थांबून "आत्ता लावलीय ती कुठली, ती द्या" म्हणणार. झालं गाणं हिट.

आता याचा अर्थ आम्ही काहीही उचलून हिट करायचो असा नाही. जीव तोडून ढकलूनही आपटलेल्या कॅसेटची खोकी आमच्याकडे वर्षानुवर्षं पडून असायची, शेवटी लोक त्या वर स्वतःची गाणी टेप करायला कोऱ्याच्या भावात न्यायचे. पण वीस चांगल्या गाण्यांतली दोन तुफान चालायची आणि अठरा कोणाला माहीतही व्हायची नाहीत, ते फळीमुळे. जागा कमी असली की जे दिसतं ते फार मोठं होतं.

दुसरी गोष्ट गठ्ठ्याची. गिऱ्हाइकाला एक गाणं हवं असायचं, विकत आठ घ्यावी लागायची. यावर पब्लिकने उपाय काढला होता तो म्हणजे कॅसेट भरून घेणं. वहीच्या पानावर गाण्यांची यादी लिहून आणायची, "नव्वदची भरून दे, ए साइडला किशोर, बी साइडला लताची सॅड", दोन दिवसांनी न्यायला यायचं. सरळ सरळ बेकायदा काम होतं, सगळी दुकानं करायची आणि कंपनीचा माणूस आला की डबल डेकर टेपवर चादर टाकायची. मला आज कोणी प्लेलिस्ट म्हणजे काहीतरी नवीन शोध म्हणून सांगितलं की ती चादर आठवते. लोकांना गठ्ठा कधीच नको होता, त्यांना गाणं हवं होतं, फक्त गाणं सुटं विकत मिळत नव्हतं.

तिसरी गोष्ट खिडकी. १९५२ ला रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची बिनाका गीतमाला सुरू झाली, बुधवारी रात्री अख्खा देश एकच यादी ऐकायचा. पुढे दूरदर्शन, चित्रहार, छायागीत. चॅनेल एक, टीव्ही चाळीत एक, बघणारे चाळीस. गाणं आवडलं नाही तरी पाठ व्हायचं कारण उठून जायला जागा नसायची. आता हे तिन्ही जोडा, फळी छोटी, गठ्ठा सक्तीचा, खिडकी एक. ब्लॉकबस्टर या तिघांनी तयार केला होता, आणि वीस-पंचवीस वर्षांत तिघंही एकेक करून गेले. माझं म्हणणं एवढंच आहे, बाकी सगळं पुरावे समजा.

पुरावे अमेरिकेचे चांगले मिळतात, कारण तिथे १९९१ पासून साउंडस्कॅन आलं, दुकानाच्या बारकोड मशीनवरून थेट विक्री मोजायची पद्धत. आपल्याकडे तसलं कधी काही नव्हतं. 'आशिकी'च्या दोन कोटी कॅसेट खपल्या हे वाक्य तुम्ही शंभर ठिकाणी वाचलं असेल, प्रचंड खपल्या हे मी पण सांगतो, सिनेमा १९९० चा, मी काउंटरवर आलो तेव्हाही तिच्या ऑर्डरी थांबत नव्हत्या, पण दोन कोटी कोणी मोजल्या? आपल्याकडे आकडा म्हणजे कंपनीने किती माल काढला तो, विकला किती, परत किती आला आणि डुप्लिकेट किती गेला हे देवाला माहीत.

तर अमेरिका. मार्च २००० मध्ये एनसिंक नावाच्या पोरांच्या ग्रुपचा अल्बम आला आणि पहिल्या आठवड्यात २४ लाख कॉपी गेल्या. त्याच वर्षी एमिनेमचा पहिल्या आठवड्यात १७ लाखांवर, ब्रिटनी स्पिअर्सचा १३ लाखांवर. वर्षभरात एनसिंकचा जवळपास ९९ लाख. त्या वर्षी अमेरिकेत एकूण ७८.५ कोटी अल्बम विकले गेले. २००८ ला वर्षातला सगळ्यात जास्त विकलेला अल्बम लिल वेनचा, तो २९ लाखांच्या आत. २०१० ला एकूण विक्री ३२.६ कोटी. आणि जानेवारी २०११ मध्ये तर केक नावाचा बँड फक्त ४४ हजार कॉपी विकून एक नंबरला आला, दोन आठवड्यांनी अमॉस ली ४० हजारांवर एक नंबर. म्हणजे २४ लाखांवरून ४० हजार, आणि खुर्ची तीच, एक नंबरची.

यावर "नॅपस्टरने मारलं, पायरसीने मारलं" असं म्हणून लोक मोकळे होतात. नॅपस्टर, म्हणजे एकमेकांच्या कॉम्प्युटरवरून फुकट गाणी उतरवायचं सॉफ्टवेअर, १९९९ मध्ये आलं, २००१ मध्ये बंद पडलं, त्याचा मार बसलाच, अमेरिकेतल्या रेकॉर्ड धंद्याची उलाढाल १९९९ मध्ये १,४६० कोटी डॉलर होती ती २०१४ पर्यंत निम्म्याच्याही खाली, ६७० कोटींच्या आसपास आली. पण माझ्या मते गठ्ठा सुटला हे जास्त मोठं कारण. नव्वदच्या शेवटाला तिथल्या कंपन्यांनी एक चलाखी केली होती, रेडिओवर वाजणारं हिट गाणं सुटं सिंगल म्हणून विकायचंच नाही, पाहिजे असेल तर पंधरा-अठरा डॉलरची अख्खी सीडी घ्या. इतकं वाढलं की १९९८ च्या डिसेंबरमध्ये बिलबोर्ड या तिथल्या मासिकाला आपल्या गाण्यांच्या चार्टचा नियम बदलावा लागला, सिंगल न निघालेलं गाणंही मोजायला लागले. २००० सालचे ते राक्षसी आकडे या सक्तीच्या गठ्ठ्याचे होते. मग २८ एप्रिल २००३ ला ॲपलचं आयट्यून्स हे ऑनलाइन दुकान उघडलं, कुठलंही गाणं ९९ सेंटला, सुटं. लोक पंधरा डॉलर द्यायचे ते एक डॉलरवर आले. गाणं तेवढंच आवडत होतं, हिशोब कोसळला. आमच्या चादरीखालच्या टेपचं काम ॲपलने कायदेशीर केलं म्हणा ना.

आपल्याकडे फळी आधी लांबली आणि मग तुटली, तो क्रम वेगळा. टी-सिरीजची कंपनी १९८३ ची, गुलशन कुमारांनी काय केलं तर कॅसेट स्वस्त केली आणि कॅसेटच्या दुकानाबाहेर काढली, पानटपरी, किराणा, एसटी स्टँड. त्याआधी एचएमव्हीचा माल मोजक्या डीलरकडे मिळायचा. त्याच लाटेत आपल्याकडचे शाहीर, लोकगीतवाले, भीमगीतवाले, कोळीगीतवाले बाहेर आले, मुंबईतल्या एखाद्या छोट्या कंपनीला हजार-दोन हजार कॅसेट काढून गणपतीत किंवा १४ एप्रिलच्या आधी विकणं परवडायला लागलं. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, आनंद शिंदे ही नावं घरोघर गेली ती रेडिओने नाही, स्वस्त कॅसेटने. छोट्या छोट्या मार्केटचं युग इंटरनेटने आणलं असं जे म्हणतात त्यांनी १९८८ च्या दादरच्या फुटपाथवर एक चक्कर मारायला हवी होती.

मग २००० नंतर शंभर-दीडशे गाण्यांची एमपीथ्री सीडी फुटपाथवर आली, तिच्या किमतीत आमची एक ओरिजिनल कॅसेट पण येत नव्हती. मग मोबाईल. रिचार्जच्या टपरीवर कॉम्प्युटर, समोर पोरांची रांग, "मेमरी कार्ड भरून दे". शब्द बघा, तोच, भरून दे. फरक एवढाच की आता नव्वद मिनिटं नाही, चार जीबी भरायचं, म्हणजे पोरगं यादी आणतच नाही, म्हणतं टाक सगळी नवीन. निवडणं गेलं. या काळात कंपन्यांना जगवलं ते कॉलरट्यूनने, महिना तीस रुपये गिऱ्हाइकाच्या बॅलन्समधून कटायचे, निम्म्यांना आपण ट्यून लावलीय हे माहीतच नसायचं. २०११ ते २०१३ च्या दरम्यान ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवर नियम लावणाऱ्या सरकारी संस्थेने, सर्व्हिस चालू करायच्या आधी ग्राहकाची दोनदा संमती घ्या असा नियम आणला आणि तो पैसा एकदम आटला. मी तेव्हा ज्यांच्याकडे होतो त्या ऑफिसात सकाळी डॅशबोर्ड उघडला तर आम्हाला वाटलं सर्व्हर बंद पडलाय.

दुकानं तोवर संपतच आली होती. मुंबईतलं काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस फेब्रुवारी २०१६ च्या शेवटी बंद झालं. त्याच्या दोनच महिन्यांनी, २९ एप्रिल २०१६ ला 'सैराट' आला.

सैराटवर थोडं थांबतो, कारण मराठीत पूर्ण अर्थाने ब्लॉकबस्टर म्हणावा असा मी पाहिलेला तो शेवटचा अल्बम. चार गाणी, चारच्या चार चालली. अजय-अतुलनी हॉलिवूडच्या सोनी स्कोरिंग स्टेजवर सिम्फनी रेकॉर्ड केली वगैरे चर्चा झाली, पण ते पब्लिकला काय घेणं, झिंगाट लागलं की थिएटरात लोक पडद्यासमोर नाचायचे. शंभर कोटींच्या बातम्या आलेला पहिला मराठी सिनेमा. आता तारखा बघा. सैराट एप्रिलमध्ये आणि जिओ ५ सप्टेंबर २०१६ ला. सैराटची गाणी पसरली ती टीव्ही, यूट्यूब आणि मेमरी कार्डावर, डेटा अजून महाग होता, एकाच्या फोनमध्ये गाणं असलं की ते ब्लूटूथने, शेअरइटने दहा जणांकडे जायचं, आणि ऐकताना स्पीकरवरच, टमटममध्ये, पारावर, शेतात पंप चालू करून. चार महिन्यांनी प्रत्येकाच्या हातात स्वतःचा डेटा आला आणि कानात स्वतःचा इअरफोन. गाणं एकत्र ऐकायची सवय त्या सप्टेंबरपासून सुटायला लागली असं मला वाटतं. यात सैराटचं कौतुक कमी करत नाही हां, तो जिओनंतर आला असता तरी चाललाच असता, पण चारही गाणी सत्तर वर्षांच्या आजीपासून बालवाडीपर्यंत एकाच महिन्यात पाठ झाली असती का, शंका आहे.

हे माझ्या घरात कळलं. भाचा नववीत, गणपतीला आला होता, कानात बोंडं घालून बसलेला. काय ऐकतोस विचारलं तर एक हरियाणवी गाणं, काही कोटी व्ह्यूज असलेलं. तीस वर्षं गाण्याच्या धंद्यात असलेल्या माणसाने त्याचं नाव ऐकलं नव्हतं. त्याच्या आईने ऐकलं नव्हतं. शेजारच्या खोलीतल्या त्याच्या बहिणीने पण नाही, ती कोरियन ऐकत होती. पूर्वी इतक्या लोकांनी ऐकलेलं गाणं तुम्हाला माहीत नाही असं होणं शक्यच नव्हतं, तुम्ही कान बंद करून फिरलात तरी शेजारच्या लग्नात ऐकावं लागलं असतं. आता कोटी लोक ऐकतात आणि शेजाऱ्याला पत्ता नाही. म्हणून आकडा बघून "हिट वाढलेत" म्हणणारे आणि कानाने "हिट संपलेत" म्हणणारे दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

फळी लांबून अनंत झाली त्याचं काय झालं ते पण सांगतो. २००४ च्या सुमाराला अमेरिकेत लाँग टेल नावाची थिअरी फार गाजली, की दुकानात जागेची मर्यादा गेली म्हणजे मोठे हिट छोटे होतील आणि छोट्या छोट्या हजारो गाण्यांना मिळून चांगलं मार्केट मिळेल. मला तेव्हा फार आवडली होती ती, कारण माझ्याकडे पडेल कॅसेटची खोकीच खोकी होती. प्रत्यक्षात काय झालं? ल्युमिनेट म्हणून कंपनी आहे, साउंडस्कॅनचीच वारस, तिने २०२३ साठी मोजलं की स्ट्रीमिंगवर १८.४ कोटी ट्रॅक आहेत, त्यातले १५.८ कोटींहून जास्त ट्रॅक वर्षभरात हजार वेळा पण वाजले नाहीत, आणि साडेचार कोटींच्या वर ट्रॅक एकदाही नाही. शून्य. दिवसाला लाखाच्या आसपास नवीन ट्रॅक चढतात. शेपूट लांब झालं, पण त्यात जीव नाही.

आणि वरच्या टोकाला बसलंय कोण, तर जुनी गाणी. तिथे दीड वर्षाच्या वर जुनं गाणं म्हणजे कॅटलॉग धरतात, आणि अमेरिकेत आता ऐकण्यातला ७० टक्क्यांहून जास्त भाग कॅटलॉगचा आहे, २०२४ ला ७३ टक्के. ग्लास ॲनिमल्सचं एक गाणं जून २०२० मध्ये आलं आणि एक नंबरला पोचलं मार्च २०२२ मध्ये, चार्टवरच्या ५९ व्या आठवड्यात. कॅसेटच्या काळात ५९ आठवडे कोणत्या दुकानदाराने थांबू दिलं असतं? तिसऱ्या आठवड्यात माल हलला नाही की समोरच्या ओळीतून मागे. म्हणजे नवीन गाण्याची स्पर्धा पूर्वी त्या महिन्याच्या वीस कॅसेटशी होती, आता आजवर रेकॉर्ड झालेल्या सगळ्या गाण्यांशी आहे, लता-किशोर धरून, आणि ते पण त्याच फोनमध्ये, त्याच किमतीत, बहुतेकदा फुकट.

माझ्या ओळखीचे एक बँड मास्तर आहेत, लग्नाच्या वरातीचा ब्रास बँड. त्यांच्याकडे खिशात मावेल अशी वही असते, सीझनची गाणी लिहिलेली. नव्वदच्या दशकात दर सीझनला आठ-दहा नवीन गाणी लिहायचे आणि तेवढीच जुनी खोडायचे, कारण पोरांना चाली बसवायला वेळ लागतो, उगाच ओझं कशाला. मागच्या सीझनला वही बघितली तर नवीन दोन आणि खोडलेलं एकही नाही. झिंगाट तिथेच, कोंबडी पळाली तिथेच (ते तर २००६ चं), पोपटवाली चाल त्याच्याही आधीपासून तिथेच. मास्तर म्हणाले, "खोडू कुठलं, समदी मागत्यात." इंडस्ट्रीचे रिपोर्ट मी वाचतोच, पण खरं सांगू का, मला त्या वहीवर जास्त भरवसा आहे.

आता तुम्ही म्हणाल, मग 'गुलाबी साडी' काय होतं? बरोबर. फेब्रुवारी २०२४, संजू राठोड, जळगावकडचा पोरगा, सिनेमा नाही, जुनी मोठी पुण्याई नाही, आणि गाणं भाषा ओलांडून गेलं, ज्यांना मराठी येत नाही त्यांनी रील केल्या. ब्लॉकबस्टरच तो, कोणी नाही म्हणत नाही. टेलर स्विफ्टचा २०२५ चा अल्बम पहिल्या आठवड्यात ४० लाख युनिट्स (विक्री आणि स्ट्रीमिंग मिळून) गेला, एनसिंकला मागे टाकून, २०१५ ला ॲडेलने ३३.८ लाख करून मागे टाकलंच होतं. म्हणजे शिखरं अजून आहेत. पण टेलर स्विफ्टच्या आकड्यात एकाच अल्बमची डझनावारी वेगवेगळी कव्हरं आहेत, तोच चाहता तोच अल्बम चार-पाच वेळा घेतो. पूर्वी ब्लॉकबस्टर म्हणजे ज्याला गाण्याचं फारसं काही नाही तो पण एक कॉपी घेतो, आता ब्लॉकबस्टर म्हणजे ज्याला वेड आहे तो पाच घेतो. एनसिंकच्या २४ लाखांत शेजाऱ्याची पोरगी, तिची आई, वाढदिवसाला गिफ्ट देणारा काका असे सगळे होते.

आणि गुलाबी साडीचं लोकांनी चुकीचं वाचलं. ते आल्यापासून माझ्याकडे दर आठवड्याला दोन-तीन जण येतात, साडी, नथ, पैठणी, गजरा, कायतरी घालून गाणं केलेलं असतं. त्या पोराने आधी गाणी केली होती, त्याचा ऐकणारा वर्ग तयार होता, पुढच्या वर्षी 'शेकी' पण चाललं. एका गाण्याची लॉटरी असती तर दुसरं चाललं नसतं.

आता तुमचे साडेचार लाख.

एका गाण्यावर घालू नका. अजिबात नको. हिट होईल की नाही हे आम्हाला फळी हातात असताना वीसात दोनदा कळायचं, आता तर फळीच नाही. त्याच पैशात पाच-सहा गाणी करा, रेकॉर्डिंग आणि मिक्सिंगला कंजुषी नको, व्हिडिओला करा. ड्रोनमधून उसाचं शेत बघून कोणी गाणं दुसऱ्यांदा ऐकल्याचं मला आठवत नाही. पहिल्या दोन गाण्यांना साधा लिरिकल व्हिडिओ ठेवा, लोकांनी स्वतःहून ज्याच्यावर रील करायला घेतल्या त्याचा मग मोठा व्हिडिओ करा. आधी माणसं, मग ड्रोन.

व्ह्यूज विकत घेऊ नका. तुम्हाला फोन येतील, "सर दहा लाख व्ह्यूज इतक्याला". माझ्या समोर एका पोराने आईचे दागिने ठेवून असले व्ह्यूज घेतले, पंधरा दिवसांत निम्मे उडाले आणि चॅनेलची रीच बसली ती बसलीच. स्पॉटिफाय तर २०२४ पासून खोटे स्ट्रीम सापडले की डिस्ट्रिब्युटरला दंड लावतं, तो दंड तुमच्याच खात्यातून वळता होतो. आणि त्याच वर्षापासून वर्षात १,००० स्ट्रीमच्या खालच्या ट्रॅकला ते काहीच देत नाहीत, हे पण माहीत असू द्या. बाकी स्ट्रीमच्या पैशावर घर चालेल हे डोक्यातून काढा, फुकट ऐकणाऱ्याच्या एका स्ट्रीमला जे मिळतं ते पैशांत मोजायचं असतं, रुपयांत नाही. ॲपं पण टिकत नाहीत, २०२४ च्या जानेवारीत रेसो भारतातून गेलं, त्याच वर्षी एअरटेलने विंक गुंडाळलं. पैसा स्टेजवर आहे, गणेशोत्सव, जत्रा, कॉलेजचं गॅदरिंग, आणि स्टेजवर बोलावतात ते सहा गाणी असणाऱ्याला, एका गाण्यावर अडीच तास कसे काढणार?

आणि एक जुनी काउंटरवरची गोष्ट, ही कोणी सांगत नाही. शोकेसची ती निम्मी जागा आठवते का, जिला कोणी हात लावत नव्हतं? आरत्या, अभंग, भीमगीतं. तो माल दरवर्षी परत विकला जायचा, कारण तो कॅलेंडरवर होता. आजही तेच. टी-सिरीजची हनुमान चालिसा २०११ ला यूट्यूबवर चढली, तिचे व्ह्यूज तीनशे कोटींच्या कधीच पुढे गेले, आपल्याकडच्या कुठल्याही ब्लॉकबस्टरच्या डोक्यावर. तुमच्या सहातली दोन गाणी तरी अशी करा की ज्यांना वर्षातून एकदा यावंच लागेल, हळदीचं, बैलपोळ्याचं, मिरवणुकीचं, पाठवणीचं. तुमच्या भागात बेंदूर, म्हणजे तिकडचा बैलांचा सण, असतो, त्याच्यावर एक धड गाणं मला शोधून दाखवा. पहिल्या वर्षी पाच हजार लोक ऐकतील, दुसऱ्या वर्षी तीच पाच हजार आणि वर अजून काही. मास्तरच्या वहीत न खोडता राहतात ती असलीच गाणी.

लेबलवाला आला आणि रोख देऊन गाणं कायमचं मागितलं तर लगेच सही करू नका, एकदा कोणाला तरी कागद दाखवा. २०१२ च्या कॉपीराइट कायद्याच्या दुरुस्तीनंतर संगीतकार-गीतकाराचा रॉयल्टीचा हक्क ठराविक गोष्टींत त्याच्याकडेच राहतो, "सगळे हक्क दिले" असं लिहून घेतलं तरी. पण तो पैसा हातात यायला दोघांनी आयपीआरएसचे, म्हणजे संगीतकार-गीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचे, मेंबर व्हायला लागतं आणि गाणं तिथे नोंदवायला लागतं. रिलीजच्या आधी एका कागदावर कोणाचे किती टक्के ते लिहून दोघांनी सह्या करा, आत्ता मैत्री आहे तोवरच. आणि अपलोड करताना लिहिणाऱ्या मित्राचं नाव गीतकाराच्या रकान्यात नीट टाका, आधार कार्डावरचं पूर्ण नाव, सगळ्या गाण्यांना एकच स्पेलिंग, टोपणनाव नको. एका गाण्यात 'सोन्या', दुसऱ्यात 'सोन्या भाऊ', तिसऱ्यात खरं नाव, असलं एक प्रकरण मी गेले आठ महिने निस्तरतोय.